तालमीला जागा : लालबाग-परळच्या जाखडी-नमन मंडळांसोबतच्या प्रकल्प नोंदी

१० मे २०२५, शनिवार

पहिली बैठक आज लालबागमधल्या एका गावकीच्या (एकाच गावच्या माणसांच्या सामाईक) खोलीत झाली. संगमेश्वर, चिपळूण, गुहागर, लांजा या तालुक्यांतल्या वाड्यांच्या मुंबई मंडळांची माणसं आली होती. शक्ती-तुऱ्याचे (जाखडीतल्या सवाल-जवाबाच्या सामन्यांचे) शाहीर, नमनातले (कोकणातल्या शिमग्याच्या लोकनाट्यातले) मृदंगवादक, दोन भजनी बुवा आणि एका महिला मंडळाच्या ताई. खाली चटया, माळ्यावर ट्रंका, खुंटीला चाळांच्या जोड्या आणि नमनातल्या संकासुराची उंच टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. गिरण्या चालू होत्या तेव्हा याच खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची. एका पाळीची उठली की दुसऱ्या पाळीची आडवी व्हायची.

मी एकच प्रश्न विचारला. वर्षभरासाठी हाताशी थोडे पैसे आहेत, ते कुठे घालायचे?

एका मंडळाचे सचिव सगळ्यांत आधी बोलले. "प्रयोगाला पैसे उभे राहतात हो. देवळाचा जीर्णोद्धार काढला, शाळेवर पत्रे घालायचेत, असं सांगून सामना लावला की तिकिटं घरोघर खपतात. अडतंय ते तालमीला. पोरांना उभं कुठं करू, तेवढं सांगा."

मग बाकीचे बोलायला लागले आणि प्रत्येकाचं म्हणणं फिरून तिथेच आलं. जाखडीत गाणारे आणि वाजवणारे मधोमध बसतात, भोवती नाचे गोल धरून नाचतात, सहसा आठजण. त्या गोलाला मोकळी जमीन लागते. दहा बाय पंधराच्या खोलीत गोल होत नाही, रांग होते. आणि रांगेत शिकलेला पोरगा रंगमंचावर गोलात आला की त्याचा पाय चुकतो.

प्रकल्पाचा पहिला निर्णय तिथेच घेतला आणि वहीत लिहून सगळ्यांना वाचून दाखवला. या वर्षी महोत्सव नाही. कमान, बॅनर, सत्काराच्या शाली यांवर एक रुपया जाणार नाही. पैसे जातील ते तालमीवर, वाद्यांवर आणि शिकवणाऱ्यावर.

२६ मे, सोमवार

मुंबईत मोसमी पाऊस आजच दाखल झाला. इतक्या लवकर तो याआधी आल्याची नोंद नाही. सखल भागांत पाणी भरलं, गाड्या रखडल्या, आणि आपल्याकडे पहिला फोन आला तो मृदंगाचा.

दमट हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि स्वर उतरतो. पावसाळा आला की वादक वाद्य चादरीत गुंडाळून ठेवतात, तालमीआधी बल्बच्या उबेला धरतात. पण पुडीच, म्हणजे तोंडावरचं कातडंच, जुनी झाली असेल तर उबेने भागत नाही, ती बदलावीच लागते. एक मृदंगवादक काका म्हणाले, मंडळाकडे एकच मृदंग आहे आणि तो गावाला न्यायचा की इथे ठेवायचा यावरून दरवर्षी वाद होतो. गणपतीला जाखडी गावात नाचायची असते, म्हणजे वाद्य तिकडे लागतं. नेमकं त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत इथे तालीम असते.

ठरवलं असं : सगळ्या मंडळांच्या वाद्यांची एकदा पाहणी करायची, पुड्या आणि वाद्या (त्या ताणणाऱ्या कातडी पट्ट्या) बदलायचं काम एकाच कारागिराकडे एकत्र द्यायचं, आणि दोन मृदंग सामाईक ठेवायचे. ज्या मंडळाला लागेल त्याने वहीत सही करून न्यायचे. काकांनी अट घातली की नेणाऱ्याने परत देताना धुमावरची (खर्जाच्या तोंडावरची) कणीक पुसून द्यायची. ती अट वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे.

८ जून, रविवार

जागेचा शोध. हा आठवडा त्यातच गेला आणि अजून काही दिवस त्यातच जातील.

पूर्वी चाळीच्या पटांगणात तालीम व्हायची. जेवणं उरकली की रात्री नऊनंतर ढोलकी घुमायची आणि पोरं अंग मोकळं करायची. आता ते जमत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नंतरच्या दुरुस्तीत वाद्यंही आली, हे मंडळांना माहीत नव्हतं. उघड्यावर रात्री दहानंतर मृदंगसुद्धा वाजवता येत नाही. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालतं. नियम मला चुकीचा वाटत नाही. शेजारी आजारी माणूस असतो, बारावीचा पोरगा असतो. अडचण एवढीच की आपला नाच करणारा माणूस साडेआठला लोकलमधून उतरतो, घरी जाऊन दोन घास खातो आणि साडेनऊला मोकळा होतो. उघड्या पटांगणात त्याच्या वाट्याला अर्धा तास येतो.

म्हणजे छप्पर आणि चार भिंती पाहिजेतच. आणि इथे छप्पर असलेली मोकळी जागा लग्नाच्या भावाने मिळते.

एका शाळेला पत्र दिलं आहे. संध्याकाळी वर्ग रिकामे असतात. उत्तराची वाट पाहतो आहोत.

२२ जून, रविवार

शाळेकडून नकार आला. कारण सुरक्षेचं दिलं आहे.

जागा मात्र मिळाली. परळच्या एका जुन्या व्यायामशाळेच्या वरचा मजला. खाली सकाळ-संध्याकाळ पोरं जोर-बैठका मारतात, वर लाकडी मल्लखांब आणि जुन्या गाद्या पडून होत्या. व्यायामशाळेच्या वस्तादांचे वडील गिरणीत होते आणि स्वतः शिमग्याला गावी जाऊन नमनात गोमू (बाईचं सोंग) नाचायचे. वस्तादांनी भाडं सांगितलं ते वीजबिल आणि झाडलोटीपुरतं. खिडक्या बंद केल्या की आवाज खालच्या गल्लीपर्यंतच जातो. आम्ही रस्त्यावर उभं राहून ऐकून पाहिलं. समोरच्या इमारतीतल्या लोकांना आधीच भेटून आलो आणि तालमीचे वार, वेळ आणि एक मोबाइल नंबर लिहून दिला. त्रास झाला तर पोलिसांकडे जाण्याआधी तिथे फोन करा, एवढंच मागणं.

वारांची वाटणी : मंगळवार, गुरुवार, शनिवार रात्री मंडळं आळीपाळीने. दुपारी तीन ते पाच महिला मंडळ, कारण ताईंपैकी बऱ्याचजणी डबे करतात. सकाळचे डबे निघाले आणि रात्रीची तयारी सुरू व्हायची आहे, असा तेवढाच मधला वेळ त्यांच्याकडे असतो.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

तालीम नाही. भजनी बुवांबरोबर नायगावच्या बीडीडी चाळीत गेलो होतो. परत येताना तिथल्या एका ज्येष्ठ गायकांकडे बसलो. आंबेडकरी जलशाच्या परंपरेतला माणूस. त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या यादीत आमचं मंडळ का नाही?"

प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर लगेच द्यायला हवं होतं, तसं दिलं. यादी आजच वाढवली. आपला प्रकल्प कोकणातल्या माणसांच्या कलेचा असेल तर त्यात कोकणातून आलेली बौद्ध वस्तीही आहे. जलसा हीसुद्धा गाणं, वग आणि सवाल यांचीच परंपरा आहे. भीमराव कर्डकांनी ती १९३० च्या दशकात गावोगाव नेली. परळच्या दामोदर हॉलची आठवण त्या ज्येष्ठ गायकांनीच काढली. आपल्या शक्ती-तुऱ्याच्या लोकांना तो हॉल हाऊसफुल्ल सामन्यांसाठी माहीत. त्यांच्या लेखी तो वेगळा आहे. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठीची बैठक तिथेच घेतली होती. बाबासाहेब तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहायचे. एकाच छपराखाली परळने काय काय ऐकलं आहे, हे आपल्या पोरांना सांगायला हवं. तालमीच्या मधल्या चहाला एकेक ज्येष्ठ येऊन बोलेल, असं ठरवलं. भाषण नाही, गप्पा.

काही शाहिरांना यादी वाढलेली रुचणार नाही, हे मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत विषय उघडपणे मांडणार आहे.

१२ जुलै, शनिवार

विषय मांडला. दोघे उठून गेले, त्यातले एक परत आले. जलसा मंडळाला शनिवारचा दुसरा वेळ मिळाला. यावर यापुढे चर्चा होणार नाही.

याच आठवड्यात राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला महाराष्ट्राचा राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं. मंडळांच्या व्हॉट्सॲपवर आनंद आहे, आणि तो मलाही आहे. शिवाय काल एका कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) विभागाशी भेट झाली, तिची नोंद जरा सविस्तर ठेवतो, कारण पुढे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी असेल तरी कंपनी त्यात येते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कोणती कामं चालतात ते लिहिलं आहे. कला आणि संस्कृतीचं जतन, पारंपरिक कलांचा विकास हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे आपण दारात भीक मागायला उभे नाही. आपलं काम कायद्याने मान्य केलेल्या यादीत आहे, हे मंडळाच्या प्रत्येक सचिवाला पाठ असायला हवं.

अधिकारी बाईंना आपलं काम आवडलं. पण त्यांना हवा होता एक मोठा कार्यक्रम, मागे कंपनीचं नाव, समोर पाहुणे. मी त्यांना त्यांचेच नियम दाखवले. जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. एका दिवसाचे सुटे कार्यक्रमही केंद्र सरकारच्या स्पष्टीकरणाप्रमाणे त्यात बसत नाहीत. उलट वर्षभर चालणारी तालीम, शिकवणाऱ्याचं मानधन, वाद्यांची दुरुस्ती हे सगळं बसतं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हे मला आमच्या वरिष्ठांना समजावता येईल. पण फोटो कशाचा देणार?" तालमीचा देऊ, म्हटलं. घामाने भिजलेल्या बनियनमधल्या पोरांचा.

आपल्या बाजूने लागतं ते असं. संस्था नोंदणीकृत हवी, आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, कामाचा 3 वर्षांचा अनुभव हवा आणि सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घेतलेला हवा. एकेका गावमंडळाला हे झेपणार नाही. बऱ्याच मंडळांची नोंदणी आहे, पण दरवर्षीचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे भरलेले नाहीत. म्हणून एकाच संस्थेने पैसे घ्यायचे आणि मंडळांनी आपसात ठरवून वापरायचे, असा मार्ग काढतो आहोत. ज्या मंडळांचे हिशेब तुंबलेत त्यांच्यासाठी एक लेखापाल ताई रविवारी वेळ द्यायला तयार आहेत.

२७ जुलै, रविवार

कॅसेटी.

करी रोडच्या एका शाहिरांकडे गोणपाटात बांधलेल्या सामन्यांच्या कॅसेटी निघाल्या. ऐंशी आणि नव्वदच्या दशकातल्या. कोणी प्रेक्षकांत बसून टेपरेकॉर्डर मांडीवर धरून भरलेल्या. लेबलावर बॉलपेनने गावाचं नाव आणि "तुरेवाले विरुद्ध शक्तीवाले". त्यांतल्या काहींवर बुरशीचा पांढरा थर होता. तशी कॅसेट सरळ यंत्रात घालायची नाही. बुरशी यंत्राच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आधी कोरड्या हवेत ठेवायची, बाहेरून स्वच्छ करायची, मग एकदा पुढे आणि एकदा मागे सावकाश गुंडाळून घ्यायची. आवाज दबका वाटला तर हेडचा कोन स्क्रूने बारीक फिरवून ऐकायचं. ज्या यंत्रावर भरली त्याचा हेड वाकडा असेल तर आपल्यालाही तेवढाच वाकडा करावा लागतो. एका क्षणी झांज एकदम खणखणीत ऐकू येते, तोच कोन बरोबर.

संगणकावर उतरवायचं ते ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. स्टिरिओ तासाला साधारण १ जीबी. दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या घरांत. एमपी३ फक्त मोबाइलवर पाठवायला.

पहिली कॅसेट लागली. गण झाला, गौळण झाली आणि सवाल सुरू झाला. शाहीर काका, वय ऐंशीच्या पुढे, खुर्चीत सरसावून बसले. टेपवरचा गाणारा त्यांचा प्रतिस्पर्धी. तुरेवाले शिवाची बाजू घेतात, शक्तीवाले आदिशक्तीची. सवाल पुराणातला असतो, उत्तर पदातूनच द्यावं लागतं, आणि ते तिथल्या तिथे. काका टेपबरोबर पुढची ओळ आधीच म्हणत होते. मध्येच टेप थांबवून म्हणाले, "हा माझ्यापेक्षा चांगला गायचा. लिहून घ्या." लिहून घेतलं.

त्यांच्या वह्यांचे फोटो काढायला मात्र त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. न वापरलेले सवाल त्यात आहेत. त्यांच्या शिष्याला ते पुढच्या सामन्यांत कामाला यायचे आहेत, विरुद्ध पार्टीच्या कानावर जाता कामा नयेत. मला हे मनापासून पटलं. जुनं ते सगळं उघडं करून टाकावं, अशी घाई संग्रह करणाऱ्याला नेहमी असते. पण जी कला अजून लढते आहे, तिची गुपितं जपणं हाही संग्रहाचाच भाग आहे. ती पानं बंद पाकिटात, चावी शिष्याकडे.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं केलं आहे. पद ज्याने रचलं त्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. ज्याने गायलं-वाजवलं त्याचाही स्वतंत्र हक्क, ५० वर्षांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दोन्ही आहे. आजवर कितीतरी पदं ज्याने रचली त्याच्या नावाशिवाय फिरली. आपल्या संग्रहातलं प्रत्येक ध्वनिमुद्रण रचनाकार, गायक, वादक यांच्या नावांनिशीच बाहेर जाईल.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना आज नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. आपल्या एका ढोलकीवादकाच्या काकांचं घर त्यात आहे. आज तालमीत पेढे होते. स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर आणि पोरीला अभ्यासाला स्वतंत्र खोली, याचा आनंद ज्याने तीन पिढ्या सामाईक नळावर काढल्या त्यालाच कळतो, आणि त्यात कुठलंही 'पण' घालायला मी तयार नाही.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून या चाळींच्या २०७ इमारती. जिथे जिथे नव्या सोसायट्या उभ्या राहतील तिथल्या रहिवाशांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्यावा, असा मसुदा आपण करून देणार आहोत : सोसायटीच्या सभागृहात आठवड्यातून ठरावीक संध्याकाळी तालमीला बिनभाड्याची जागा. वाढदिवसांची बुकिंगं सुरू झाल्यावर तो ठराव मंजूर करून घेणं अवघड जाईल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो पाऊस. हार्बर आणि मध्य रेल्वेची लोकल बंद पडली. तालीम रद्द. तरी चौघे आलेच, लालबागमधूनच चालत. त्यांनी मृदंग उंचावर ठेवले, खिडकीतून येणारं पाणी पुसलं आणि जमिनीवर बसून नुसती पदं म्हटली.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीआधीची शेवटची तालीम. उद्यापासून सगळे निघतील. कोकण रेल्वेच्या जादा गाड्या, एसटीच्या गट आरक्षणाच्या बस, ज्याला जे मिळालं ते.

महिला मंडळाबद्दल आज लिहायलाच हवं. जूनपासून त्या जाखडी शिकताहेत. शिकवणारे शाहीर काका सुरुवातीला कचरत होते. बायकांना शिकवायचं नाही असं त्यांचं म्हणणं नव्हतं, आपल्याला ते जमेल का याची त्यांना धास्ती होती. खरी अडचण स्वराची निघाली. आपल्या मंडळांचे मृदंग काळी एक-दोन या खालच्या पट्टीला मिळवलेले. ताईंचा आवाज काळी चार-पाचला मोकळा लागतो. खालच्या पट्टीत त्या गायल्या की शब्द घशातच राहायचे, आणि ऐकणारे म्हणायचे, बायकांच्या आवाजाला जोर नाही. जोर होता, पट्टी त्यांची नव्हती. लहान तोंडाचा वेगळा मृदंग करून घेतला, तो जुलैअखेर आला. पहिल्या दिवशी त्यावर गौळण म्हटली तेव्हा खालच्या व्यायामशाळेतली पोरं जिन्यावर येऊन उभी राहिली.

पदांचाही प्रश्न आहे. गौळणीत पुरुषाने बाईचं बोलणं म्हणायचं, ही जुनी रीत. आता बाईच बोलते आहे, तर तिला त्यातल्या काही ओळी नकोशा वाटतात. एका ताईंनी स्वतः कडवं रचलं. मथुरेच्या बाजाराला निघालेली गवळण त्यात भाव सांगते, घासाघीस करते आणि उधारी मागणाऱ्या पेंद्याला हिशेब विचारते. काकांनी मात्रा मोजल्या, एका ठिकाणी दोन अक्षरं कमी केली आणि म्हणाले, "बसलं. आता याची चाल मोडू नका."

या मंडळाला यंदा गावी नाचायची परवानगी मिळणार का, हे त्यांच्या गावकीत ठरेल. त्यात आपण बोलायचं नाही. बोलायला ताई समर्थ आहेत.

१३ सप्टेंबर, शनिवार

मंडळी परतली. काल रात्रीपासून एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला, त्यामुळे प्रभादेवीकडून येणाऱ्यांना आज वळसा पडला. तालीम अर्धा तास उशिरा ठेवली आहे, पुढचे काही महिने तीच वेळ.

गावाकडच्या बातम्या : महिला मंडळ नाचलं. देवळासमोर नाही, वाडीतल्या दोन घरांच्या अंगणात. ताईंनी सांगितलं की दुसऱ्या अंगणात म्हाताऱ्या बायकांनी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. पुढच्या वर्षी देवळासमोरचं पाहू, असं गावकीने म्हटलं आहे.

व्यायामशाळेत गोलात शिकलेल्या पोरांचा पाय गावच्या खळ्यात चुकला नाही. ही बातमी मला तीन वेगवेगळ्या माणसांनी फोन करून दिली.

२८ सप्टेंबर, रविवार

ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचे अर्ज. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे, महिन्याला ५००० रुपये. वयाची ५० वर्षं पूर्ण हवीत, कलेतलं काम किमान १५ वर्षांचं हवं आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. आपल्या वादकांत, शाहिरांत या अटीत बसणारे बरेच आहेत, आणि बहुतेकांनी कधी अर्जच केलेला नाही.

अडतं ते पुराव्याला. पंधरा वर्षं मृदंग वाजवला याचं प्रमाणपत्र कोण देणार? नमन शिमग्याच्या रात्री होतं, तिथे पावती फाडत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी कायमचे गावी गेले. खोल्या रिकाम्या झाल्या, मंडळांची दप्तरं गेली. जी माणसं इथे राहिली त्यांच्याकडे कागद म्हणून रेशनकार्ड आणि गिरणीचा पास.

इथे कॅसेटींच्या गोणपाटाने हात दिला. त्यासोबत सामन्यांची हस्तपत्रकं होती, पिवळ्या-गुलाबी कागदांवरची. त्यांवर नाट्यगृहाचं नाव, तारीख, शाहिरांचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत वादकांची नावं. काही मंडळांच्या वार्षिक अहवालांत सत्काराच्या याद्या सापडल्या. एकेका माणसाच्या नावाने पत्रकं वेगळी काढली, वर्षाप्रमाणे लावली, छायाप्रती काढल्या. संग्रह करताना आपल्या मनात इतिहास होता. आता त्याच कागदांवर म्हातारपणीच्या औषधांचे पैसे येऊ शकतात. म्हणून यापुढच्या प्रत्येक प्रयोगाच्या पत्रकावर झांज वाजवणाऱ्यापासून नाचणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि तारीख वर्षासह छापायची, हा नियम सगळ्या मंडळांनी मान्य केला आहे. नुसतं "आणि सहकारी" चालणार नाही.

उत्पन्नाचे दाखले काढायला प्रत्येक अर्जदारासोबत एक तरुण जाईल. ऑनलाइन अर्ज व्यायामशाळेतच बसून भरायचे.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाटपाची बैठक. कंपनीचा पहिला हप्ता आला आहे. तो कुणाला किती, हे कार्यालयात बसून ठरवायचं नाही, असं मेमध्येच ठरलं होतं. प्रत्येक मंडळाने उभं राहून आपली गरज सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, शेवटी सगळ्यांनी मिळून यादी लावायची. अट एकच. स्वतःच्या मंडळाला मत द्यायचं नाही.

वेळ खूप लागला आणि आवाजही चढले. एका मंडळाने नव्या पोशाखांसाठी मागितलं, तेव्हा भजनी बुवांनी विचारलं की जुने पोशाख कुठे आहेत. ते धुऊन, रफू करून वापरण्याजोगे निघाले. मागणी त्यांनी स्वतःच मागे घेतली. नमन मंडळाने रावणाच्या दहा तोंडांचा सांगाडा नव्याने करायला पैसे मागितले, जुना वाळवीने खाल्ला आहे. त्यावर कुणाचाच प्रश्न नव्हता, सगळ्यांनी हात वर केले. जलसा मंडळाने हार्मोनियमची दुरुस्ती मागितली. ती यादीत दुसरी लागली, आणि तिला पहिला हात जुलैमध्ये उठून जाऊन परत आलेल्या शाहिरांचा होता.

माझं मत असं होतं की शिकवणाऱ्यांच्या मानधनाला सर्वांत जास्त रक्कम जावी. सभेने ते मागेच ठेवलं असतं, पण महिला मंडळाच्या ताई बोलल्या. "गुरूंना आम्ही डबा देतो, तेवढ्यात त्यांचं भागत नाही. ते परळहून दिव्याला राहायला गेलेत. गाडीभाडं, वेळ, तब्येत, सगळं त्यांचंच जातं." मानधन पहिल्या क्रमांकावर गेलं. हार्मोनियम दुसरी राहिली, रावण तिसरा.

९ नोव्हेंबर, रविवार

शिमग्याच्या नमनाची तालीम दिवाळीनंतर सुरू झाली. वर्गात अकरावी-बारावीतली पोरं जास्त आहेत. काहींना गावची बोली समजते पण बोलता येत नाही. संकासुराचे संवाद बोलीतच म्हणायचे असा काकांचा आग्रह आहे, म्हणून शनिवारी तालमीआधी अर्धा तास नुसतं बोलायचं, जेवणावर, लोकलवर, क्रिकेटवर, पण बोलीतच.

हार्मोनियमचे भाते बदलून आले. रावणाच्या सांगाड्याला वेत आणले आहेत, तोंडं कागदाच्या लगद्याची करायची ठरली आहेत, वजन कमी राहील.

मानधनाचे भरलेले अर्ज तपासणीत आहेत. दोन अर्जांत वयाच्या पुराव्यात तफावत निघाली, शाळेचा दाखला आणि आधार जुळत नाहीत. त्यांच्यासाठी गावच्या शाळेतून नोंदवहीचा उतारा मागवला आहे.

पुढचं काम : उरलेल्या कॅसेटी डिसेंबरअखेर उतरवून घेणं, कारण हवा आता कोरडी आहे. कंपनीला सहामाही अहवाल. नायगावच्या सोसायटीला ठरावाचा मसुदा देणं. व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावरच्या दोन फळ्या गोलाच्या मध्याजवळ सैल झाल्या आहेत, सुतार मंगळवारी दुपारी येणार आहे. त्या दिवशी महिला मंडळाने खालच्या मजल्यावर बसायचं.